प्रतींची संख्या आणि प्रतींचे स्वातंत्र्य : वितरित संचय-व्यवस्थेतील डिस्क-मांडणीच्या विचाराची समीक्षा

१. प्रास्ताविक

उजनी धरणात पाणी किती, या प्रश्नास करमाळा तालुक्यात नेहमी दोन उत्तरे मिळतात. भीमेवरील या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे. परंतु त्यातील उपयुक्त साठा ५३.५ टीएमसीच्या आसपास असून उरलेला ६३.५ टीएमसीहून अधिक भाग मृतसाठ्याचा आहे. धरण 'उणे' टक्क्यांत गेले, अशी बातमी उन्हाळ्यात वाचली की बॅकवॉटरकाठच्या शेतकऱ्यास तिचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. साठा आणि उपयोगी पडणारा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

हाच विवेक संगणकीय साठ्याच्या बाबतीत मात्र आढळत नाही. गेल्या दोन दशकांत महाविद्यालयांचे प्रवेश, परीक्षा, मूल्यांकन, ग्रंथालय आणि नॅकसाठीची कागदपत्रे हे सर्व संगणकावर आले. अनेक ठिकाणी जुनी हस्तलिखिते, दुर्मिळ नियतकालिके व स्थानिक इतिहासाची साधने यांचेही स्कॅनिंग झाले आहे. या सर्वांच्या जतनासाठी जेव्हा सर्व्हर खरेदीचा प्रस्ताव मांडला जातो, तेव्हा त्यात एकच आकडा ठळक असतो : एवढे टेराबाइट. त्या डिस्क कोठे बसणार, कोणत्या वीजजोडणीवर चालणार, एक सर्व्हर बंद पडल्यास काय उरणार, हे प्रश्न 'तांत्रिक बाब' म्हणून पुरवठादाराकडे सोपविले जातात.

वितरित संचय-व्यवस्था म्हणजे अनेक सर्व्हरमधील डिस्क जाळ्याने जोडून त्यांचा एकच साठा म्हणून केलेला वापर. अशा व्यवस्थेत कोणती प्रत कोणत्या डिस्कवर ठेवावी, या मांडणीविषयीचा आजचा विचार ज्या लेखनावर उभा आहे, त्यातील तीन मूलभूत निबंधांची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. ते निबंध असे : १९८८ चा 'रेड'विषयक निबंध, २००३ चा गूगल फाइल सिस्टीमवरील निबंध आणि २००६ चा 'क्रश'वरील निबंध. या तिन्ही लेखनांनी प्रतींच्या संख्येचा प्रश्न सोडविला. प्रतींच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र क्रमाक्रमाने पुढे ढकलला, आणि तो अखेर मांडणी करणाऱ्याच्या पदरात पडला, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. 'स्वस्त' ते 'स्वतंत्र' : एका शब्दाचा प्रवास

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये 'रेड' ही कल्पना मांडली. एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, ही तिची मध्यवर्ती सूचना होती. या सूचनेवरचा आक्षेप लेखकांनी स्वतःच नोंदविला आहे. एका डिस्कचे सरासरी निर्दोष आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कांच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत अपेक्षित आहे. यावर उपाय म्हणून त्यांनी जादा माहिती साठविण्याचे पाच प्रकार वर्णिले. कोठे पूर्ण प्रत, कोठे पडताळणीचे अंक. एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिची माहिती पुन्हा उभी करता यावी, हा त्या सर्वांचा हेतू.

या निबंधाचे सर्वांत मोठे गुणवैशिष्ट्य म्हणजे त्यातील प्रामाणिकपणा. डिस्कांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे गृहीतक त्यात उघडपणे मांडलेले आहे. तथापि पुढे एक लक्षणीय गोष्ट घडली. 'रेड' या संक्षेपातील 'आय' हे अक्षर मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, या शब्दाचे होते. व्यवहारात त्याच्या जागी 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, हा शब्द रूढ झाला. जे गणितातील गृहीतक होते, ते नावात शिरून वस्तूचा गुणधर्म बनले. गृहीतक तपासावे लागते. नाव तपासण्याची गरज कोणास वाटत नाही.

ते गृहीतक पुढे तपासले गेले, पण त्यास जवळजवळ दोन दशके लागली. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी अभ्यासल्या. उत्पादकांच्या माहितीपत्रकांतील आकड्यांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क निकामी व्हाव्यात; प्रत्यक्षात बदलाव्या लागलेल्या डिस्कांचे प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की हे बिघाड काळात एकसारखे विखुरलेले नव्हते. ते एकमेकांच्या आगेमागे, झुंडीने येत होते. 'रेड'च्या मूळ लेखकांपैकीच एकाने आपल्या जुन्या गृहीतकाला असा छेद द्यावा, ही विद्याव्यवहारातील अनुकरणीय घटना होय.

३. प्रत कोठे ठेवावी : गूगल आणि क्रश

संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक लेउंग यांच्या २००३ च्या निबंधात भूमिका बदललेली दिसते. बिघाड हा अपवाद नसून नित्याची बाब आहे, येथून त्यांचे विवेचन सुरू होते. फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याच्या सर्वसाधारणपणे तीन प्रती ठेवाव्यात, आणि त्या केवळ वेगळ्या यंत्रांवर नव्हे, तर वेगळ्या रॅकवर ठेवाव्यात, अशी ही रचना आहे. संपूर्ण रॅकची वीज किंवा रॅकला जोडणारा स्विच गेला तरी एक प्रत शाबूत राहावी, हा त्यामागील विचार. एकाच कारणाने ज्या मर्यादेतील सर्व डिस्क एकदम निरुपयोगी होतात, त्या मर्यादेस प्रस्तुत लेखात 'हानिक्षेत्र' म्हटले आहे. डिस्क, सर्व्हर, रॅक, खोली आणि इमारत ही चढत्या क्रमाची हानिक्षेत्रे होत. मांडणीच्या प्रश्नास हानिक्षेत्राची भाषा व्यवहारात मिळवून देण्यात या निबंधाचा वाटा मोठा आहे. मात्र कोणता तुकडा कोठे आहे, याची सर्व नोंद एका मुख्य यंत्राकडे ठेवण्याची पद्धत त्यात स्वीकारलेली होती.

ही मध्यवर्ती नोंदवही काढून टाकण्याचे श्रेय सेज वेइल, स्कॉट ब्रँट, ईथन मिलर आणि कार्लोस मॉल्टझान यांच्या 'क्रश' या पद्धतीस जाते. सांताक्रूझ येथे विकसित झालेली ही पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली व 'सेफ' या मुक्त संचय-प्रणालीचा कणा ठरली. तिच्यात तुकडा कोठे ठेवला, हे लिहून ठेवले जात नाही; ते मोजून काढले जाते. तुकड्याचे नाव आणि संपूर्ण साठ्याचा नकाशा हाती असला की कोणतेही यंत्र तेच गणित करून त्याच डिस्कपर्यंत पोहोचते. हा नकाशा झाडासारखा असतो. मुळाशी संपूर्ण साठा, फांद्यांवर रॅक व सर्व्हर आणि पानांवर डिस्क. प्रत्येक पानास त्याच्या क्षमतेनुसार वजन दिलेले असते. 'तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर' असा नियम सांगितला की वाटप त्यानुसार होते, आणि नवी डिस्क जोडल्यावर फार थोडी माहिती हलवावी लागते.

या निबंधाचे यश निर्विवाद आहे. मांडणी ही गोष्ट प्रथमच वाचता येण्याजोगी झाली. पूर्वी ती तंत्रज्ञाच्या डोक्यात किंवा तारांच्या गुंत्यात असे. आता ती नकाशात लिहिलेली असते आणि म्हणूनच तिची समीक्षा करता येते. सामाईक वीजपुरवठा, सामाईक जाळे आणि भौतिक सान्निध्य ही एकत्रित बिघाडाची कारणे नकाशात दाखविता येतील, हेही लेखकांनी सांगितले आहे. परंतु नकाशा भरणाऱ्यास ही कारणे ठाऊक आहेत, असे ते धरून चालतात. गृहीतक गणितातून निघाले आणि नकाशा काढणाऱ्या माणसाकडे आले. ते नाहीसे झाले नाही.

४. बारा डिस्कांची तीन वाचने

हा मुद्दा आपल्या परिस्थितीतील लहान उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका महाविद्यालयाने ४ टेराबाइटच्या १२ डिस्क घ्यावयाचे ठरविले, असे समजू. एकूण साठा ४८ टेराबाइट. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवल्यास १६ टेराबाइट. बहुतेक प्रस्ताव येथेच थांबतात.

येथे उजनीचा विवेक लागू करावा लागतो. सेफ प्रणालीत एखादी डिस्क ८५ टक्के भरताच इशारा मिळतो आणि ९५ टक्क्यांवर लेखन थांबविले जाते. वाटप गणिताने होत असले तरी ते तंतोतंत समान नसते. एखादी डिस्क इतरांच्या आधी भरते. म्हणून ८५ टक्के ही व्यवहारातील कमाल मर्यादा मानणे इष्ट. शिवाय एक घटक निकामी झाल्यावर त्यावरील माहिती उरलेल्या जागेत पुन्हा उभी राहिली पाहिजे. ती जागा आधीपासून रिकामी ठेवणे भाग आहे. हा या व्यवस्थेतील मृतसाठा होय. तो वाया गेलेला नसतो, पण त्यावर पीक काढता येत नाही.

आता त्याच १२ डिस्कांच्या तीन मांडण्या पाहू. पहिल्या मांडणीत सर्व डिस्क एकाच सर्व्हरमध्ये आहेत व तीन प्रती तीन वेगळ्या डिस्कवर आहेत. एक डिस्क गेल्यास ४४ टेराबाइट उरतात. त्याचे ८५ टक्के घेऊन तिनाने भागल्यास उपयुक्त साठा सुमारे १२.५ टेराबाइट येतो. दुसऱ्या मांडणीत तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकात चार डिस्क आणि प्रत्येक सर्व्हरवर एक प्रत. येथे एक डिस्क गेली तर तिची माहिती त्याच सर्व्हरमधील उरलेल्या तीन डिस्कांवरच उभी करावी लागते, कारण इतर दोन सर्व्हरवर त्या माहितीची एकेक प्रत आधीच आहे. तीन डिस्क म्हणजे १२ टेराबाइट. त्याचे ८५ टक्के १०.२ टेराबाइट. तिसऱ्या मांडणीत चार सर्व्हर आहेत, प्रत्येकात तीन डिस्क. येथे एक संपूर्ण सर्व्हर गेला तरी ३६ टेराबाइट उरतात. त्याचे ८५ टक्के घेऊन तिनाने भागल्यास पुन्हा १०.२ टेराबाइटच येतात.

या आकड्यांचा अर्थ लावणे महत्त्वाचे आहे. दुसऱ्या व तिसऱ्या मांडणीचा उपयुक्त साठा तंतोतंत सारखा आहे; पण दुसरी मांडणी एका डिस्कचा बिघाड आपणहून भरून काढते, तर तिसरी एका संपूर्ण सर्व्हरचा. दुसरीत सर्व्हर गेल्यास माहिती वाचते, परंतु तिसऱ्या प्रतीस जागाच नसल्याने नवा सर्व्हर येईपर्यंत सारा कारभार दोन प्रतींवर चालतो. दरपत्रके, मंजुरी व पुरवठा यांत ग्रामीण महाविद्यालयात किती आठवडे जातात, हे सांगणे नको. पहिली मांडणी सर्वांत धोक्याची आहे, कारण एक सर्व्हर बंद पडताच तिन्ही प्रती एकदम हाताबाहेर जातात. आणि उपयुक्त साठ्याचा सर्वांत मोठा आकडा नेमका तिचाच आहे. खरेदी समितीच्या तुलनात्मक तक्त्यात केवळ टेराबाइटचा रकाना असेल, तर निवड सर्वांत असुरक्षित मांडणीचीच होईल. समितीला दोष देऊन भागणार नाही, कारण तिच्यापुढे ठेवलेल्या तक्त्यात सुरक्षिततेचा रकानाच नसतो.

पूर्ण प्रतींऐवजी 'इरेझर कोडिंग' वापरून जागा वाचविता येते, असा युक्तिवाद येथे केला जातो. माहितीचे चार भाग व पडताळणीचे दोन भाग केल्यास तिपटीऐवजी दीडपट जागेत काम भागते आणि कोणतेही दोन भाग गेले तरी माहिती वाचते. हे खरे आहे. परंतु प्रत्येक भाग वेगळ्या सर्व्हरवर ठेवण्यास सहा सर्व्हर लागतात आणि एक गेल्यावर व्यवस्थेने आपणहून सावरावे, असे वाटत असेल तर सात. मोठ्या संस्थेस जी काटकसर आहे ती लहान संस्थेस परवडत नाही, याचे हे उदाहरण होय.

५. झाडात न मावणारी कारणे

क्रशच्या नकाशाची मूलभूत मर्यादा त्याच्या आकारातच आहे. झाडात प्रत्येक पान एकाच फांदीवर असते. बिघाडाची कारणे मात्र फांद्या ओलांडून जातात. चार सर्व्हर नकाशावर चार वेगळ्या फांद्यांवर दिसतात. पण चारही एकाच यूपीएसवर असतील, तर वीज या कारणापुरते ते एकच पान आहेत. सर्व डिस्क एकाच खोक्यातून आल्या असतील, तर उत्पादनातील दोषापुरते तेही एकच पान. सर्व सर्व्हरचा परवलीचा शब्द एक असेल, तर मानवी चुकीपुरते पुन्हा एकच पान. एका झाडात वीज, उत्पादन आणि अधिकार या तिन्हींचे संबंध एकाच वेळी दाखविता येत नाहीत. कोणते कारण मुख्य, हे आधी ठरवावे लागते. म्हणजेच उरलेल्या कारणांकडे पाठ फिरवावी लागते.

ही केवळ तात्त्विक शंका नाही. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही सॉलिड स्टेट डिस्कांविषयी जाहीर केले की त्यांच्या अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे त्या ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील आणि त्यावरील माहिती परत मिळणार नाही. हा काळ ३ वर्षे २७० दिवस ८ तासांचा होतो. ज्या संस्थेने अशा डिस्क एकाच दिवशी सुरू केल्या असतील आणि दोष दुरुस्त केला नसेल, तिच्या तिन्ही प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असूनही एकाच घटकेस नष्ट होऊ शकल्या असत्या. क्रशच्या नकाशात या धोक्याची खूण कोठेही दिसली नसती.

विजेचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. असाफ सिडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की मोठ्या क्लस्टरची वीज जाऊन परत आल्यावर ०.५ ते १ टक्का यंत्रे सुरूच होत नाहीत, आणि प्रती यदृच्छेने विखुरलेल्या असतील तर अशा प्रसंगी काही ना काही माहिती नष्ट होणे जवळजवळ अटळ असते. ५,००० यंत्रांच्या उदाहरणात हानीची शक्यता ९९.९९ टक्के होती. प्रती ठरावीक गटांतच ठेवल्यावर ती ०.१५ टक्क्यावर आली. आपल्या बारा डिस्कांच्या तिसऱ्या मांडणीतही हे पडताळता येते. वेगवेगळ्या सर्व्हरवरील तीन डिस्कांची एकूण १०८ त्रिकुटे होतात. सेफमध्ये माहितीचे गट करून ते डिस्कांवर वाटले जातात. दर डिस्कमागे सुमारे १०० गट ठेवण्याचा प्रघात धरल्यास एकंदर ४०० च्या आसपास गट १०८ त्रिकुटांवर पसरतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक त्रिकुटावर कशाच्या तरी तिन्ही प्रती असतात. कोणत्याही तीन सर्व्हरवरील एकेक डिस्क एकदम गेली, तर काहीतरी गमावले जाणारच. सर्वत्र विखुरणे आणि सुरक्षित असणे या एकच गोष्टी नव्हेत. जेथे उन्हाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे याचा विचार डिस्कांच्या संख्येआधी व्हावयास हवा.

आणखी एक सूक्ष्म हानिक्षेत्र सर्व्हरच्या आत असते. वेग वाढविण्यासाठी अनेक फिरत्या डिस्कांच्या नोंदी एका वेगवान सॉलिड स्टेट डिस्कवर ठेवण्याची पद्धत आहे. ती एक डिस्क गेली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व डिस्क निरुपयोगी होतात. हानिक्षेत्र 'सर्व्हर' मानले असेल तर हे चालण्यासारखे आहे. 'डिस्क' मानले असेल तर नकाशा वाचकाची सरळ दिशाभूल करतो.

इमारतीच्या पातळीवरील धडे महाराष्ट्रास नवे नाहीत. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील नायट्रेट चित्रफितींचे भांडार ८ जानेवारी २००३ रोजी आगीत जळाले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली नष्ट झाल्या. परदेशातही तेच. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी एक डेटा केंद्र जळाले, तेव्हा ज्यांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. दक्षिण कोरियातील डेजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी शासकीय डेटा केंद्रास आग लागून सरकारी कर्मचाऱ्यांचा ८५८ टेराबाइटचा सामाईक साठा नष्ट झाला. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर प्रत ठेवली नव्हती, असे सांगण्यात आले. साठा मोठा म्हणून प्रत नाही, हे कारण ऐकून हसू येण्याआधी आपल्या परीक्षा विभागातील कपाट आठवावे. मूळ संगणक, त्यास जोडलेली दुसरी डिस्क आणि पेन ड्राइव्ह अशा तीन प्रती असतात, पण तिन्ही एकाच खोलीत.

६. लीळाचरित्राचा दाखला

प्रतींच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मराठी वाङ्मयाने फार पूर्वी अनुभवला आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित करून लीळाचरित्र सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत, उत्तरेकडील फौजांच्या स्वारीत, मूळ प्रत नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे हा ग्रंथ अनुयायांच्या स्मरणातील पाठांवरून पुन्हा उभा राहिला. हिराइसेचा पाठ हा त्यांतील विशेष परिचित होय. या निरनिराळ्या पाठांत अर्थातच भेद होते. पंथाने त्यांना 'वासना' असे नाव देऊन ग्रंथातच जतन केले. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती पाहताना अभ्यासकास या पाठपरंपरेचे भान ठेवावे लागते.

संचयाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ स्पष्ट आहे. ग्रंथ वाचला, कारण त्याच्या प्रती वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणात, वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. एकाच धाडीत त्या सर्व सापडणे शक्य नव्हते. पण त्या स्वतंत्र होत्या म्हणूनच त्या तंतोतंत समान राहिल्या नाहीत. पाठभेद ही स्वातंत्र्याची किंमत आहे.

क्लस्टर याच्या नेमके उलट वागतो. त्यातील तिन्ही प्रती सदैव एकसारख्या असाव्यात, हे त्याचे ब्रीद. म्हणूनच एखाद्या कर्मचाऱ्याने चुकून फोल्डर पुसले किंवा घातक आज्ञावलीने फायली कुलूपबंद केल्या, तर तो बदलही तिन्ही प्रतींवर तितक्याच निष्ठेने होतो. डिस्कच्या मृत्यूपासून क्लस्टर वाचवितो. मालकाच्या चुकीपासून वाचवीत नाही. एकवाक्यता आणि स्वातंत्र्य हे दोन गुण एकाच मांडणीत पूर्णत्वाने नांदू शकत नाहीत. समीक्षित तिन्ही निबंध एकवाक्य साठ्याविषयी बोलतात आणि त्या मर्यादेत ते श्रेष्ठ आहेत. त्यांच्या वाचकाने मात्र त्या मर्यादेस संपूर्ण जतन समजण्याची चूक केली आहे.

याच परंपरेतील दुसरा दाखलाही उद्बोधक आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरील अभ्यासकांस ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केल्यावर मराठीचे हे भांडार खुले झाले. आज डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवण्याचा आग्रह धरला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु तिची किल्ली एकाच कंत्राटी तंत्रज्ञाकडे असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर बाराही डिस्क शाबूत असून साठा शून्य. प्रत्येक महाविद्यालयास राजवाडे लाभतीलच असे नाही.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की डिस्क-मांडणीचा विचार १९८८ पासून सातत्याने प्रगत होत गेला, पण त्याचे केंद्र संख्या हेच राहिले. किती डिस्क, किती प्रती, किती टेराबाइट. कोणत्या प्रती कोणत्या कारणाने एकत्र नष्ट होतील, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर पुढच्याकडे सोपविला गेला. या साखळीतील अखेरचा दुवा म्हणजे प्रत्यक्ष मांडणी करणारी संस्था, आणि ती आता आपण आहोत.

म्हणून महाविद्यालयाच्या प्रस्तावात टेराबाइटच्या रकान्याशेजारी आणखी काही रकाने असावेत. एक डिस्क, एक सर्व्हर, एक यूपीएस, एक स्विच आणि एक खोली यांपैकी प्रत्येक घटक गेल्यास किती प्रती उरतात, हे त्यांत लिहावे. उपयुक्त साठा एका घटकाच्या बिघाडानंतरचा मोजावा. डिस्क दोन वेगळ्या उत्पादकांच्या, निदान वेगळ्या खेपेतील असाव्यात. क्लस्टरबाहेर, वेगळ्या गावी, जाळ्यापासून तोडलेली एक प्रत असावी. ती काही दिवस जुनी असणे हा तिचा दोष नसून गुण आहे. साठ्याचा नकाशा व किल्ली कागदावर, दोन जबाबदार व्यक्तींकडे असाव्यात. आणि वर्षातून एकदा त्या बाहेरच्या प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष उभी करून पाहावी, कारण न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते.

यांपैकी शेवटच्या तीन सूचनांस फारसा खर्च येत नाही. एका तालुक्यातील दोन महाविद्यालयांनी परस्परांची एकेक प्रत सांभाळण्याचे ठरविले, तर चौथ्या सर्व्हरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी खर्चात दोहोंस अधिक स्वातंत्र्य लाभेल. विद्यार्थ्याची गुणपत्रिका वीस वर्षांनी मागितली जाते, आणि हस्तलिखित शंभर वर्षांनी. तेव्हा आजचा सर्व्हर व तो बसविणारा तंत्रज्ञ दोघेही नसतील. उत्तर देण्यास उरेल ती आज केलेली मांडणी.